बुद्धी नाठी, साठी दूर

कचेरीतली एक महत्त्वाची फाइल सापडत नाही. शोधून शोधून घरातली माणसं थकतात आणि फाइल निघते फ्रीजमध्ये. ब्लेसी यांच्या २००५ सालच्या ‘तन्मात्रा’ या मल्याळी चित्रपटातला हा प्रसंग. मोहनलालने रंगवलेला रमेशन नायर हा केरळच्या सचिवालयातला साधा नोकरदार. मुलानं आयएएस व्हावं हे त्याचं स्वप्न. पोराच्या अभ्यासाचे दिवस, घरात लहान मुलगी, आणि नेमका तेव्हाच बापाचा मेंदू झिजायला लागलेला.

मराठी प्रेक्षकाला स्मृतिभ्रंशाच्या याच आजाराची ओळख झाली ती ‘अस्तु’ या चित्रपटातून. मोहन आगाशे यांनी साकारलेला, हत्तीच्या मागे चालत निघून जाणारा तो संस्कृत पंडित विसरता येत नाही. पण त्याचं आयुष्य जगून झालेलं होतं. मुली मोठ्या होत्या. रमेशनचं घर त्याच्याच पगारावर चालत होतं. दोन्ही चित्रपटांतला आजार एकच, संकटं मात्र दोन वेगळ्या जातींची. आपल्याकडचे कायदे, योजना आणि दवाखाने यांतलं पंडिताचं संकट ओळखतात. रमेशनच्या संकटाची त्यांच्या दप्तरी नोंदच नाही.

आपली भाषाही तशीच. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे, ‘म्हातारचळ’ असा नेमका शब्दही आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ज्याची बुद्धी नाठी झाली त्याच्यासाठी मात्र शब्द नाही. त्याच्या वाट्याला येतात त्या शंका: दारू सुरू केली असेल, बाहेर काही भानगड असेल, कुणी काही खायला घातलं असेल. बाई असेल तर ‘पाळी जायचं वय आहे, होतं असं’ म्हणून विषय मिटतो.

खरं तर या आजाराचा इतिहासच तरुण रुग्णापासून सुरू होतो. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्यासमोर आलेली ऑगुस्ट डेटर अवघी ५१ वर्षांची होती. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली, तिचा मेंदू अल्झायमरनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेन इथल्या सभेत निष्कर्ष मांडले. पुढची कित्येक दशकं ‘अल्झायमर’ म्हणजे ऐन उमेदीतला आजार आणि म्हातारपणचा विसराळूपणा वेगळा, अशीच वैद्यकाची वाटणी होती. १९७० च्या दशकात दोन्ही एकाच नावाखाली आले. संख्येनं म्हातारे कितीतरी जास्त, त्यामुळे लक्ष तिकडे गेलं. ज्यांच्या आजाराला हे नाव आधी मिळालं, तेच मागे पडले.

पासष्टीच्या आत सुरू झालेल्या स्मृतिभ्रंशाला वैद्यकात वेगळं काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एकूण रुग्णांत यांचं प्रमाण ९ टक्क्यांपर्यंत असू शकतं. ‘जामा न्यूरॉलॉजी’त २०२१ साली आलेल्या, अनेक देशांतल्या अभ्यासांची बेरीज मांडणाऱ्या लेखात ३० ते ६४ या वयोगटासाठी आकडा आहे दर लाखामागे ११९. म्हणजे जगभरात सुमारे ३९ लाख माणसं. या वयाच्या एक कोटी लोकांत जवळपास बारा हजार. भारतात किती? आपल्याकडे साठीपुढच्यांची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यावरून ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणी चांगली, तिची पद्धतही चोख. पण तिचा उंबरठाच साठीचा. त्याअलीकडचे तिच्यात मोजलेच गेलेले नाहीत.

‘स्मृतिभ्रंश’ या शब्दाचीही इथे अडचण होते, कारण कित्येकांची स्मृती सुरुवातीला शाबूत असते. एक घर डोळ्यांसमोर आणून पाहावं. कर्ता पुरुष पन्नाशीच्या आतला, वागायला मायाळू, व्यवहाराला चोख. सासूबाई गेल्याचा फोन येतो, बायको ओक्साबोक्शी रडते आणि हा विचारतो, “मग आज जेवायला काय?” पेढ्यांचा अख्खा पुडा एका बैठकीत संपवतो. सोसायटीच्या सभेत नको तो विनोद करतो. फोनवर आलेल्या कुठल्याही योजनेत पैसे टाकून मोकळा होतो. पाढे विचारा, पाठ. मुलीचा वाढदिवस विचारा, ठाऊक. डॉक्टरांच्या खोलीत दहा मिनिटं नीट बसतो, तारीख-वार बरोबर सांगतो. आणि डॉक्टर बायकोकडे बघून म्हणतात, तुम्हीच ताण घेताय.

हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. मेंदूचा पुढचा आणि कानशिलांजवळचा भाग आधी झिजतो. समज, लाज, जिव्हाळा यांची सूत्रं जिथून हलतात तो भाग. प्रागमधल्या आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्येच या प्रकारचा रुग्ण वर्णिला होता. जगाला नाव कळलं ते २०२३ मध्ये, अभिनेता ब्रूस विलिसच्या घरच्यांनी निदान जाहीर केल्यावर. त्याआधी वर्षभर त्याला अफेझिया, म्हणजे वाचादोष, असल्याचं सांगितलं जात होतं. बायकोला या आजारात सोसावं लागतं ते विसरण्यापेक्षा कठीण असतं. नवरा तिला ओळखतो. तिच्या दुःखाशी मात्र त्याचं काही देणंघेणं उरत नाही. आणि ही तक्रार ती सांगणार कुणाला?

दुसरा प्रकार डोळ्यांच्या दवाखान्यात वर्षं काढतो. ओळी सरकतात, पायरीचा अंदाज चुकतो, समोर ठेवलेला चष्मा दिसत नाही. नंबर बदलतो, फ्रेम बदलते, डोळे मात्र निरोगी निघतात, कारण बिघाड असतो तो डोळ्यांनी पाहिलेलं समजून घेणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागात. याला पोस्टीरिअर कॉर्टिकल अॅट्रोफी म्हणतात. ब्रिटिश कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना २००७ साली, वयाच्या ५९ व्या वर्षी, याचं निदान झालं. टंकलेखन जमेना तेव्हा ते बोलून लिहू लागले आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत पुस्तकं येतच राहिली. तिसऱ्या प्रकारात शब्द निसटतात: ‘ते हे... ते आपलं... कापायचं’ म्हणजे विळी. असे आणखीही प्रकार आहेत. एकेक दुर्मीळ, त्यामुळे गावातल्याच काय, शहरातल्या डॉक्टरनंही आयुष्यात मोजकेच पाहिलेले.

निदानाला उशीर होतो तो यामुळे. नेदरलँड्ससारख्या सुसज्ज देशातल्या अभ्यासातही तरुण रुग्णांना निदानापर्यंत पोचायला सरासरी ४.४ वर्षं लागली होती, उतारवयातल्यांना २.८. आपल्याकडे वाटेत देवऋषी आहे, नैराश्याच्या गोळ्या आहेत, घटस्फोटाची नोटीसही आहे. लवकर तपासणीचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. या वयात स्मृतिभ्रंशासारखं दिसणारं सगळंच बरं न होणारं नसतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, जुना सिफिलिस, एचआयव्ही, दारू, मेंदूत साठलेलं पाणी, प्रतिकारशक्तीनंच मेंदूला आणलेली सूज: यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे, काहींवर अगदी स्वस्तातला. शाकाहारी घरांत बी-१२ ची तपासणी तरी पहिल्याच भेटीत व्हावी.

निदान हातात पडेपर्यंत बहुधा नोकरी गेलेली असते. आणि ती जाते कशी, हे पाहण्यासारखं आहे. बडतर्फी क्वचित होते. आधी मेमो येतात, मग बदली, मग कुणीतरी सहानुभूतीनं सुचवतं, ‘साहेब, इज्जतीत स्वेच्छानिवृत्ती घ्या.’ आणि ज्या माणसाची निर्णयाची शक्तीच आजारानं खाल्ली आहे, तो राजीनाम्यावर सही करून घरी येतो. बायकोला महिन्यानं कळतं.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ यातल्या कलम २०(४) प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तेही शक्य नसेल तर जागा निघेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचं. इतकं स्वच्छ कलम आहे. या कायद्याच्या यादीत २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, स्मृतिभ्रंश नावानिशी नाही. मात्र ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत विचार, भान आणि स्मरण यांतला गंभीर बिघाड स्पष्टपणे येतो, म्हणजे दार आहे. ते ठोठावायचं तर आधी प्रमाणपत्र हवं, प्रमाणपत्राला निदान हवं, निदानाला चार वर्षं आणि राजीनामा दोन वर्षांपूर्वीच मंजूर! महाराष्ट्र सरकारला इथे नवा कायदा करावा लागणार नाही. पंचवीस वर्षं नीट काम केलेल्या माणसाची कामगिरी अचानक ढासळली आणि त्यानं राजीनामा दिला, तर तो मंजूर करण्याआधी वैद्यकीय तपासणी करावी, एवढा एक पानी शासन निर्णय पुरेल. खासगी नोकरदाराला तर कलम २०(४) चं छत्रही नाही. त्याच्या भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत नोकरीत असताना कायमचं, पूर्ण अपंगत्व आल्यास पेन्शनची तरतूद आहे. पण राजीनामा दिल्यावर ‘नोकरीत असताना’ हे सिद्ध करत बसायचं.

नोकरी टिकवली तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण जपानच्या सेंदाई शहरात आहे. तोमोफुमी तान्नो मोटारी विकायचे. २०१३ मध्ये, ३९ व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं. घरी दोन मुली. कंपनीनं त्यांना विक्रीतून काढून कार्यालयात बसवलं. ते दोन वह्या ठेवू लागले: एकीत काम कसं करायचं याची पायरी-पायरीनं कृती, दुसरीत काय करून झालं त्याची नोंद. निदानानंतर वर्षानुवर्षं ते नोकरीवर जात राहिले आणि पुढे नव्यानं निदान झालेल्यांशी बोलण्यासाठी ‘ऑरेंज डोअर’ नावाचा उपक्रम सुरू केला. सगळ्यांचंच असं होईल असं नाही. फ्रंटोटेम्पोरलच्या रुग्णाला दोन वह्या देऊन भागणार नाही. पण निदान आणि असहायता यांच्यामध्ये काही कामाची वर्षं असतात. आपल्याकडे ती घरात बसून वाया जातात.

पैशाची गोष्ट इथे संपत नाही. घराचा हप्ता चालू असतो, मुलं दहावी-बारावीत असतात. मुदत विमा मृत्यूनंतर पैसे देतो, आरोग्य विमा इस्पितळात दाखल झाल्यावर. हा रुग्ण मरत नाही आणि दाखलही होत नाही. तो दिवसभर घरात येरझारा घालतो. दिवसपाळीचा माणूस ठेवायचा तर पंचावन्न वर्षांच्या धडधाकट गड्याला आवरणारा मिळत नाही. वृद्धाश्रम वयावर बोट ठेवतात. डे-केअरमध्ये ऐंशीतल्या आज्यांसोबत भजनाला बसायला तो तयार नसतो, आणि का असावा?

बँकेच्या खिडकीवर आणखी एक धक्का बसतो. सही जुळत नाही. बायको पिशवीतून मुखत्यारपत्र काढते. नवरा जरा बरा असताना, वकिलाच्या सल्ल्यानं, नोंदणी करून घेतलेलं. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ज्यानं अधिकार दिला त्याची बुद्धी ढळली की तो अधिकार संपतो. जो दिवस डोळ्यांसमोर ठेवून कागद केला, त्याच दिवशी कागद निकामी. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या कायद्याखाली अशा वेळीही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. भारतात अशा घरांना उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक म्हणून नेमणूक मागावी लागते, आणि मुंबई उच्च न्यायालयानं अशा पत्नींना, मुलांना ती दिलेलीही आहे. न्यायालयानं माणुसकी दाखवली हे खरं; पण नवऱ्याच्या खात्यातून मुलाची फी भरायला सिंधुदुर्गातल्या बाईनं उच्च न्यायालयात वकील लावायचा, याला व्यवस्था म्हणता येत नाही. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये उपचारांबाबत आगाऊ इच्छा लिहून ठेवता येते, आपला प्रतिनिधी नेमता येतो. जी सोय औषधाच्या निर्णयाला आहे ती पैशाच्या निर्णयाला का नसावी? संसदेनं करण्याजोगी ही दुरुस्ती लहान आहे, आणि तिचा लाभ म्हाताऱ्या रुग्णांनाही होईल.

बाकीच्या मदतीच्या दारांवर तर वयाचा दाखला मागणारा रखवालदारच बसला आहे. ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन, ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम, दोन्ही साठीपासून. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना पासष्टीपासून. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ८० डीडीबी या कलमाखाली स्मृतिभ्रंशाच्या उपचारखर्चावर वजावट होती. रुग्ण ज्येष्ठ असेल तर एक लाखापर्यंत आणि नसेल तर चाळीस हजार. म्हणजे ज्याचा पगार बुडाला आणि मुलं शिकताहेत, त्याला सवलत निम्म्याहून कमी. हे कुणी दुष्टपणे केलेलं नाही. म्हण डोक्यात इतकी पक्की बसली आहे की कुणाला खटकलंच नाही.

जपाननंही २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू करताना रेघ पासष्टीवरच ओढली. पण सोबत ठरावीक आजारांची यादी केली आणि त्यांपैकी एखादा असेल तर चाळिशीपासून लाभ मिळेल असं ठरवलं. त्या यादीत ऐन वयातला स्मृतिभ्रंश आहे. पुढे या रुग्णांसाठी प्रांतोप्रांती समन्वयक नेमले. ते रुग्णालय, मालक आणि घर या तिघांशी बोलतात. आपल्या योजनांना हीच एक ओळ जोडता येईल: ‘साठी पूर्ण, अथवा स्मृतिभ्रंशाचं निदान’.

कुणाला वाटेल, एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला. थोड्यांनी काय घडू शकतं ते नॉटिंगहॅमच्या कॅरल जेनिंग्ज यांच्याकडे पाहून कळेल. वडील आणि वडिलांची भावंडं पन्नाशीच्या आसपास एकामागून एक स्मृतिभ्रंशानं गाठलेली पाहून १९८० च्या दशकात त्यांनी लंडनच्या संशोधकांना पत्र लिहिलं, आमच्या कुटुंबाचा उपयोग होईल का म्हणून. त्याच कुटुंबाच्या रक्तातून १९९१ मध्ये अल्झायमरशी जोडलेला पहिला जनुकदोष सापडला. या आजारावरच्या आजच्या कितीतरी औषधांचा विचार तिथून निघाला. पुढे कॅरलना तोच आजार झाला; २०२४ मध्ये त्या वारल्या. असा दोष असलेल्या घरात प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यांच्या मुलानं स्वतःची तपासणी न करण्याचं ठरवलं. आपल्याकडे हा प्रश्न लग्न जमवण्याशी येऊन भिडतो, म्हणून घरं तोंड शिवून बसतात. त्यांना उपदेश करण्यात अर्थ नाही. तपासणीच्या आधी आणि नंतर नीट समजावून सांगणारा समुपदेशक हवा, आणि ‘नको’ म्हणण्याची मुभाही.

लंडनच्याच क्वीन स्क्वेअरमधल्या डॉक्टरांभोवती १९९० च्या दशकात अशा घरांचे छोटे गट जमू लागले. त्यातून ‘रेअर डिमेन्शिया सपोर्ट’ उभं राहिलं. त्याची खुबी म्हणजे गट निदानाप्रमाणे केलेले असतात. डोळ्यांच्या प्रकाराची घरं एकत्र, वागणूक बिघडलेली एकत्र, शब्द हरवलेली एकत्र, आनुवंशिकवाली वेगळी. पेढ्यांचा पुडा संपवणाऱ्याच्या बायकोला विसराळू सासूच्या सुनेकडून काय मिळणार? तिला हवी असते ती दुसरी तशीच बाई, जी म्हणेल, ‘माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच होतं, आम्ही फ्रीजला कुलूप लावलं.’

दुर्मीळ आजारात अशी दुसरी बाई आपल्या गावात भेटत नाही. ती असते नांदेडला किंवा म्हापशाला, आणि दोघींमधला दुवा असतो फक्त मराठीचा. भारतात १९९२ पासून अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी काम करते आहे, तिचे कार्यकर्ते अनुभवी आहेत. केंद्राची १४४१६ ही टेलिमानस सेवा २०२२ पासून चालू आहे. ती मराठीत बोलते आणि वय विचारून फोन ठेवत नाही. इमारत नको, उद्घाटन नको. या सेवेवर मराठीत एक प्रशिक्षित माणूस आणि महिन्यातून एकदा प्रत्येक प्रकाराच्या घरांची फोनवर भेट, इतक्यानं सुरुवात होते. पहिल्या फोनला त्या माणसानं सांगायचं ते फार नाही. राजीनाम्यावर सही करू देऊ नका, रजा टाका. मुख्य खातं संयुक्त करून घ्या, नॉमिनी तपासा, तेही या महिन्यात. बी-१२ आणि थायरॉइडचे रिपोर्ट घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा, आणि वागण्यातले बदल तारखेनिशी वहीत लिहून न्या, कारण डॉक्टरांसमोर दहा मिनिटं तुमचे यजमान अगदी नीट बोलतील. मुलगी केवढी आहे? दहावीत? मग तिच्या वर्गशिक्षिकेला सांगितलंय का?